थ्रेड, पीआयडी आणि रावेरचा वजनकाटा

भाऊ, जुन्या लिनक्स मशीनवरचा सी-प्रोग्राम हातात घेतलास, चांगलं केलंस. पण कोड वाचण्याआधी 'गेटकॉन्फ' ही सिस्टिमची माहिती देणारी आज्ञा चालवून थ्रेड लायब्ररी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं (थ्रेड) समांतर चालवणारी लायब्ररी, कोणती ते बघ. 'लिनक्सथ्रेड्स' ही जुनी लायब्ररी दिसली, तर पॉझिक्सचे (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाचे) सगळे नियम तिथे चालतील असं धरू नकोस.

पॉझिक्सनुसार एका प्रोसेसमधल्या (चालू प्रोग्राममधल्या) सगळ्या थ्रेड्सचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा ओळख क्रमांक, एकच. लिनक्सथ्रेड्समध्ये मात्र कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लेखी प्रत्येक थ्रेड ही वेगळी प्रोसेस, म्हणून पीआयडी विचारणारं 'गेटपीआयडी' प्रत्येक थ्रेडमध्ये वेगळा आकडा देतं. रावेरला केळीच्या ट्रकांच्या वजनकाट्यासाठी मी प्रोग्राम लिहिला होता. प्रोग्राम बंद करायचा सिग्नल (संदेश) ज्या पीआयडीला पाठवायचा, त्याची फाइल चुकून दुसऱ्याच थ्रेडमधून लिहिली गेली, आणि त्या थ्रेडने तो सिग्नल अडवलेला. सिग्नल तिथेच पडून राहिला. बाहेर भर उन्हात गाड्यांची रांग, माल तापतोय, आणि मी आत घामाघूम. पॉझिक्सप्रमाणे तो सिग्नल अख्ख्या प्रोसेसचा असता, मुख्य थ्रेडने लगेच उचलला असता. म्हणून पीआयडी नेहमी मुख्य थ्रेडमध्येच, सुरुवातीला लिहून ठेव.

प्रोसेस कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते ते बदलणाऱ्या 'सेटयूआयडी'चंही तसंच: ज्या थ्रेडने हाक मारली, फक्त त्याचेच अधिकार बदलायचे. सुरक्षेच्या दृष्टीने हे फार वाईट.

२००३ च्या २.६ कर्नलसोबत एनपीटीएल ही नवी थ्रेड लायब्ररी रुळली आणि हे दोन्ही सुटलं. तरी 'नाइस'चा (सीपीयू मिळण्यातल्या अग्रक्रमाचा) आकडा लिनक्सवर आजही थ्रेडनिहाय आहे. पॉझिक्समध्ये तो पूर्ण प्रोसेसचा. अडलास तर जळगावला ये, सोबत बसून बघू.