गाण्यांच्या रेकॉर्डचा संग्रह विकायचाय? आधी ऐकून घे

भाऊ, कपाट रिकामं करतोयस ते बरंच, पण एकगठ्ठा देऊ नको. गठ्ठ्याने घेणारा मनात चार चांगल्या रेकॉर्डचा हिशेब करतो आणि तोंडाने रद्दीचा भाव सांगतो. नवे लोक इथेच फसतात.

सध्या एवढंच बघ:

- 'बोअर' म्हणून बाजूला टाकलेले अल्बम विकण्याआधी एकदा सलग ऐक. पेव्हमेंट या अमेरिकन रॉक बँडचा 'वाउई झाउई' घे. 1995चा, 18 गाण्यांचा. त्यांचा त्याआधीचा 'क्रुकेड रेन' त्यामानाने नीटनेटका, म्हणून हा तेव्हा बऱ्याच जणांना विस्कळीत वाटला. मला विचारशील तर तो पसाराच त्याची खरी मजा आहे. दोन गाणी ऐकून निकाल लावू नको, निदान अर्ध्यापर्यंत जा. तरीही विकायचाच असेल आणि तुझ्याकडे त्याची जुनी एलपी (दोन तबकड्यांची) असेल, तर गाणी तीनच बाजूंना आहेत, चौथी कोरी, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. नाहीतर 'माल खराब' म्हणून परत यायचा.
- रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धर. ओरखडे दिसले तर लपवू नको, फोटो काढून दाखव.
- डिस्कॉग्सवर (रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट) लोकांनी मागितलेला भाव नको, प्रत्यक्षात विकल्याचा भाव बघ.
- रेकॉर्ड उभ्याच ठेव. मे महिन्यात सीताबर्डीला दाखवायला न्यायच्या तर सकाळीच. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत राहिली की वाकलीच समज.

प्रेसिंग (रेकॉर्ड कोणत्या छपाईतली), लेबलाजवळ कोरलेले नंबर वगैरे भानगडी नंतर. आधी ढीग वेगळे कर.