तीताला नाही, मग तीमथ्याला का?

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

तुझ्या उपदेशाचा मसुदा काल दोनदा वाचला, आणि प्रेषित पौलाने आपला सोबती तीत याची सुंता होऊ दिली नाही, मग दुसरा सोबती तीमथ्य याची का करवली, हा तुझा प्रश्नही. भाषा चांगली उतरली आहे, कळकळही जाणवते. पण परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनीही सुंता करावी असा आग्रह धरणाऱ्या, ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या यहूद्यांना तू पहिल्याच परिच्छेदात 'कर्मठ' म्हणून निकालात काढलंस, तिथे मी अडलो. त्यांचं दुखणं समजून घेतल्याशिवाय पौलाची बाजू मांडायला उभा राहू नकोस.

त्यांच्या घरात लहानपणापासून काय कानावर पडत असेल? इ.स.पू. 167च्या सुमारास यहूद्यांवर राज्य करणाऱ्या अंतियोख एपिफानेस या ग्रीक राजाने सुंतेवर बंदी घातली. ज्या आयांनी तरीही बाळांची सुंता करवली त्यांना ठार मारलं आणि बाळं त्यांच्याच गळ्यात लटकवली, असं त्या काळाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात लिहिलं आहे. देवाशी केलेल्या कराराच्या ज्या खुणेपायी पूर्वजांनी जीव दिला, ती आता नसली तरी चालेल, हे ऐकणं त्यांना किती जड गेलं असेल! आपल्या कोकणातले यहूदी, बेने इस्राएल, आठव. मराठी बोलणारी, तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आपल्या लोकांपासून इतक्या दूर राहूनही त्यांनी आठव्या दिवसाची सुंता सोडली नाही.

पौलाची स्वतःची सुंताही आठव्या दिवशीच झालेली. त्याला त्या विधीचा तिटकारा नव्हता. मग तो एवढा का पेटला? मला वाटतं, उत्तर अंत्युखिया शहरातल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीत आहे. येशूचा शिष्य पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. कैसरियात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी देवाने त्याला हेच तर शिकवलं होतं. पण यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि तो हळूहळू मागे सरू लागला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा. तू उठून गेलेल्या पेत्राबद्दल पानभर लिहिलं आहेस. जो परराष्ट्रीय तिथेच बसून राहिला, हातातला घास हातात आणि शेजारची जागा रिकामी, त्याच्याबद्दल दोन ओळी तरी लिही. पंगतीतून कुणी उठून गेलं की मागे राहिलेल्याला काय वाटतं, हे मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही.

गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना जे सांगितलं जात होतं ते याच्या पुढचं: ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, सुंता करून घ्या. तिथे पौल तडजोड करत नाही. त्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो स्वतः लेखणी हातात घेतो आणि किती मोठाल्या अक्षरांत लिहितोय ते बघा, असं म्हणतो. ती अक्षरं डोळ्यांसमोर आण.

आता तुझा प्रश्न. तीत ग्रीक. पौलाने त्याला यरुशलेमेत नेलं, पण त्याच्या सुंतेचा आग्रह मानला नाही. तीमथ्य लुस्त्राकडचा, आई यहूदी, बाप ग्रीक. त्याची सुंता मात्र पौलाने करवली. तुला ही विसंगती वाटते. मला वाटत नाही. तीताकडून सुंता मागितली जात होती ती देवाच्या घरात शिरण्याची अट म्हणून, आणि ती एकदा मानली असती तर प्रत्येक परराष्ट्रीयाच्या मानेवर तेच जू बसलं असतं. तीमथ्य यहूदी आईचा मुलगा; त्याला यहूद्यांच्या सभास्थानांतून हिंडायचं होतं आणि बाप ग्रीक हे सगळ्यांना ठाऊक होतं. पौलाने त्या लोकांचा मान राखला. मात्र वेदना सोसली तीमथ्याने, आणि त्याला काय वाटलं याबद्दल बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात एक शब्द नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमेत याच प्रश्नावर प्रेषितांची आणि वडिलांची जी सभा भरली, तिचा निर्णय तू एका ओळीत उरकला आहेस. तो पुन्हा वाच. सुंतेची सक्ती काढली आणि चारच गोष्टी वर्ज्य सांगितल्या: मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मेलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म. चारांतल्या तीन खाण्याच्या आहेत. यहूदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीत बसू शकावेत, याचीच ती काळजी होती, असं मी मानतो.

'कर्मठ' हा शब्द काढ, पहिला परिच्छेद नव्याने लिही आणि शुक्रवारपर्यंत मसुदा पाठव. मी वाट बघतो.

तुझा,
काका