रात्री मन शांत करणारा फुलांचा चहा घरी कसा करावा?

तुम्ही विचारलंय, रात्री डोकं शांत व्हावं म्हणून फुलांचा चहा घरीच कसा करायचा आणि कोणत्या फुलांचा. मी कॅमोमाइल सांगेन, म्हणजे पांढऱ्या पाकळ्यांची, मधे पिवळी अशी छोटी सुवासिक फुलं. बाबा गेल्यावर आईची झोपच उडाली होती. तिचा रात्री नऊचा दुधाचा चहा सोडवला आणि त्या वेळी हा द्यायला लागले. झोपेची गोळी घेतल्यासारखा परिणाम होत नाही, पण तिची तगमग कमी झाली. तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या गच्चीवर दर हिवाळ्यात चार कुंड्या असतात.

आपल्या हाताला चहा खळखळ उकळायची सवय, ती आधी मोडा. कपभर पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग चमचाभर वाळलेली फुलं (ताजी असतील तर दोन चमचे) टाका आणि लगेच झाकण ठेवा. ७-८ मिनिटं हात लावू नका. या फुलांचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडतं. झाकण उचलताना आतून जमलेले थेंब कपातच निथळू द्या, तो वास त्यांच्यातच असतो. दूध नको. मध हवा तर कोमट झाल्यावर घाला.

नागपुरात हे रोप थंडीतच जमतं. दिवाळी झाली की पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं, त्यावर माती लोटू नका. नुसतं दाबून पाणी शिंपडा, उजेड मिळाला की रुजतं. जानेवारी-फेब्रुवारीत पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या की सकाळी दव सुकल्यावर फुलं खुडा. मधली पिवळी घुमटी बोटांत चुरडून बघा, सफरचंदाचा वास येतो! सावलीत सुती कापडावर वाळवून काचेच्या बरणीत भरा.

बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून पूजेला आणलेले गुलाब, शेवंती चहात घालू नका, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. कण्हेर तर विषारीच.

आणखी एक, गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी कॅमोमाइल टाळावं. दोन्ही एकाच कुळातली. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मार्चमध्ये ऊन चढलं की रोपं पिवळी पडतात. तेव्हा शेवटची दहाबारा फुलं खुडू नका, झाडावरच वाळू द्या. पुढच्या दिवाळीचं बी तेच.