त्या गाडीला आता काम काय आहे?

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची तुझ्या डिझेल गाडीची ती दोन रकान्यांची यादी पण वाचली. 'ठेवायची'खाली अकरा कारणं, 'विकायची'खाली पण अकराच, आणि शेवटी "काका, आता तुम्हीच सांगा". अगं, बरोबरी येणारच होती. एकीकडे "इन्शुरन्स भरायचाय" लिहिलंस, दुसरीकडे "माझ्या पैशांनी घेतलेली पहिली गाडी" लिहिलंस, आणि दोघांना एकेक मार्क देऊन मोकळी झालीस. असल्या यादीतून काही निघत नाही. मी तीनदा करून बसलोय.

गाडी किती चांगली, तिच्यावर तुझा जीव किती, हे मला माहितीय, ते सोड. जिला मी क्लच सोडायला शिकवलं आणि जिने पहिल्या दिवशी चढावर सात वेळा गाडी बंद पाडून पण खाली उतरायचं नाव घेतलं नाही, तिला धीर द्यायची गरज नाही. मला एकच विचारायचंय आणि ते तुझ्या बावीस कारणांत कुठेच नाहीये. त्या गाडीला आता काम काय आहे?

आधीचं ऑफिस लांब होतं, रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, तेव्हा हा प्रश्नच नव्हता, गाडी तिच्या जागी होती. आता तू लिहितेस की नवीन ऑफिस तीन किलोमीटरवर आहे आणि बहुतेक वेळा तू चालतच जातेस. मग गाडी महिनाभर उभी, आणि दर रविवारी मी खाली जाऊन पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवते, असं तू अगदी शाबासकी मिळेल अशा थाटात लिहिलंयस. शाबासकी नाही मिळणार. डिझेल नुसतं आयडलिंगवर ठेवलं तर पाच मिनिटांत धड कोमट पण होत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, काजळी बसते, आणि सेल्फ मारताना बॅटरीतलं जेवढं गेलं तेवढं पण परत भरत नाही. त्यापेक्षा सुरूच नसती केलीस तर बरं.

हे इंजिन मुळात कामासाठी बनलंय ग. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याने इंधनातली साधारण 26 टक्के ताकद कामाला लावली, आणि तेव्हाची वाफेची इंजिनं त्याच्या निम्म्याच्या पण खाली होती, म्हणून तर लोकांचे डोळे विस्फारले. पुढची कित्येक वर्षं ते कारखान्यात आणि जहाजांवर राबलं, कारमध्ये यायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. 1936 मध्ये मर्सिडीजने 260 डी आणली आणि ती पण बऱ्यापैकी टॅक्सीवाल्यांनीच उचलली. का? तर दिवसभर चालणाऱ्याला ती परवडायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून या जातीचा हिशोब तोच आहे, काम असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही, काम नसेल तर ही सडते.

सडते हा शब्द उगाच नाही वापरला. आता माझं ऐक, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

माझ्याकडे आत्ता आहे त्याच्या आधी एक होती, साधी, पंपवाली, टर्बो नसलेली. तिने मला अकरा वर्षं ओढलं. मग कंपनीची गाडी मिळाली आणि हिचं काम संपलं. तेव्हा एक माणूस आला होता, तिशीतला असेल, शेतीची अवजारं दुरुस्त करायचा, गावोगाव फिरायला गाडी पाहिजे होती. त्याने बॉनेट उघडून घेतलं, कान लावून इंजिन ऐकलं, गाडीखाली झोपून चासी बघितली, आणि उठून कपडे झटकत म्हणाला, "साहेब, तुम्ही हिला जपलीय." भाव पण केला नाही फारसा. आणि मी काय म्हणलो असेन? "ही विकायची नाही, हिच्यावर माझा जीव आहे." तो दोनदा परत आला, दोन्हीदा तेच उत्तर. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा, की बघा, पैशाला भुललो नाही.

मग कव्हर घातलं. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू, करत चार वर्षं गेली.

कव्हर काढलं तेव्हा टायर खालून चपटे झालेले, ब्रेक धरून बसलेले, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, त्यात माझ्याच सीटचा स्पंज. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली. टाकी अर्धी ठेवली होती, म्हणजे अर्ध्या टाकीत हवा, त्या हवेतली वाफ आत गार होऊन पाणी झालं, डिझेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून पाणी तळाला गेलं, आणि ती दोघं जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात हे मला तेव्हा कळलं, कारण मेकॅनिकने टाकीत तार घालून वर काढली तर तिला काळा शेंबडासारखा थर लागलेला होता. तोच थर पुढे पंपात आणि नोझलमध्ये. पंपाचे सील वाळून कडक झालेले. तो काही बोलला नाही, तार फडक्याला पुसली आणि आत निघून गेला. शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली. क्रेनने उचलताना एक दार उघडलं आणि मी पळत जाऊन ते नीट लावलं. आता सांग, कशासाठी लावलं असेल?

त्या अवजारवाल्याला दिली असती तर अजून सात-आठ वर्षं चालली असती. मी जीव आहे म्हणून ठेवली आणि मीच मारली. म्हणून मला तुझ्या यादीतल्या जीवाचं फार कौतुक नाही. काम दे, नाहीतर ज्याच्याकडे काम आहे त्याला दे. तिसरा रस्ता नाही. कव्हर घालणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं नसतं ग, तो विकायचाच निर्णय असतो, फक्त गिऱ्हाईक भंगारवाला असतं.

बरं, आता तू विचारशील की काम म्हणजे किती. कुठलंही पुस्तकी उत्तर देत नाही, माझा ठोकताळा सांगतो. आठवड्यातून निदान एकदा असं जाणं की इंजिन पूर्ण तापून अर्धा-पाऊण तास तरी वेगात चालेल. तुझ्या त्या तीन किलोमीटरला ते होत नाही, तापमानाचा काटा मधे यायच्या आत तू पार्किंगमध्ये. त्यातून ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, चोंदतो, ऑइल लवकर काळं-जाड होतं. तुझी 2006 ची म्हणून एक वाचलंय, तिला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी धरणारा फिल्टर, नाहीये. त्या फिल्टरमधली काजळी जळायला साधारण सहाशे डिग्री लागतात आणि गल्लीत फिरून सहाशे डिग्री कुठून येणार, मग लाइट लागते, मग लोक गॅरेजमध्ये जाऊन फिल्टरच काढून टाकतात. (तू पुढची गाडी डिझेलच घेतलीस तर हा उद्योग करायचा नाही. माझ्यासमोर तर अजिबात नाही.)

पण तुझी कॉमन रेल आहे हे विसरू नकोस, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, जबर दाबाने डिझेल मिळतं. 1997 मध्ये ही सिस्टिम पहिल्यांदा कारमध्ये आली तेव्हाच रेलमधलं प्रेशर 1350 बारपर्यंत जायचं. एवढ्या प्रेशरला टाकीतला पाण्याचा थेंब पण इंजेक्टरची वाट लावतो. माझी जुनी पंपवाली होती, तिने चार वर्षं तरी सोसलं, तुझी एवढं सोसणार नाही.

म्हणून आधी गाडी खरंच कशी आहे ते बघ. तू लिहिलंस "इंजिन मस्त आहे". कशावरून? आवाजावरून? डिझेलला स्पार्क प्लग नसतो हे तुला माहितीच आहे, हवा इतकी दाबायची की ती तापून पाचशे डिग्रीच्या वर जाते आणि डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोलला हवा दहापटीच्या आसपास दाबली तरी पुरतं, तुझ्यासारखीला सतरा-अठरापट दाबावी लागते. म्हणजे सगळा खेळ कॉम्प्रेशनचा, आणि कॉम्प्रेशन खोटं बोलत नाही ते फक्त सकाळी, गार इंजिनवर. तापलेली गाडी कुणालाही फसवते. मला फसवलंय, आत्ताची घेताना मालकाने मी जायच्या आधी वीस मिनिटं फिरवून आणली होती, बॉनेटला हात लावला तर गरम, आणि मी गाढव, विचारलं पण नाही. महिन्याभरात हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग.

तर गार असताना बघायचं. डॅशबोर्डवरची इंजिनच्या हीटरची लाइट विझू द्यायची, सेल्फ मारायचा, किती फेऱ्यांत उचलते ते मोजायचं. पांढरा धूर थोडा येऊन थांबला तर ठीक, येतच राहिला आणि वर बाटलीतलं कूलंट कमी होत असेल किंवा बुडबुडे येत असतील तर मग गॅस्केटकडे बघायचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, ते बरेचदा फिल्टर नाहीतर इंजेक्टर, एवढं घाबरायचं नाही. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सोडवून नुसतं वर ठेवायचं. जरासं थरथरलं तर वय झालंय एवढंच. उडून पडलं आणि खालून भकाभक वाफारा आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे वरचा दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन काम निघणार. आणि खाली झोपून गंज बघ, इंजिन परत बांधता येतं, गंजलेल्या चासीला वेल्डिंग मारून किती मारणार. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते तुला आठवत नसेल तर बदललाच नाहीये असं समज.

यातलं काहीही वाईट निघालं तरी त्याने निर्णय होत नाही हां, नीट ऐक. खराब इंजिन दुरुस्त करून घेणं मला पटतं, जर पुढे तिला काम असेल. आणि एकदम ठणठणीत गाडी विकणं पण पटतं, जर काम नसेल. ग्रीसमध्ये एका टॅक्सीवाल्याने 1976 ची मर्सिडीज 240 डी 46 लाख किलोमीटर चालवली, इंजिनं आलटूनपालटून घालत, आणि 2004 मध्ये कंपनीच्या म्युझियमला देऊन टाकली. आता ती उभी असते म्हणा, पण 46 लाखांनंतर उभं राहायचा हक्क आहे तिला. तुझीला नाही.

आणि धुराचं पण बोलू, तू ते यादीत लहान अक्षरात लिहिलंयस, लाजल्यासारखं. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो असं ठरलेल्या गोष्टींमध्ये. लंडनने 2019 पासून मधल्या भागात युरो 6 या धुराच्या नियमाच्या खालच्या डिझेल गाड्यांना रोजचा चार्ज लावला. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही, डिझेलवाले म्हणतात तसं "फॅक्टऱ्यांचं बघा आधी" पण म्हणणार नाही. तुझ्याकडचा नियम काय आहे ते आधी बघून घे. माझं म्हणणं एवढंच की धूर सोडायचाच असेल तर त्या बदल्यात काहीतरी ओढलं गेलं पाहिजे, माणसं, सामान, काहीतरी. पार्किंगमध्ये उभं राहून रविवारी पाच मिनिटं सोडलेला धूर कुणाच्या कामाचा?

हे वाक्य लिहून मी जरा थांबलो, कारण आमची मुलगी मला हेच म्हणते.

माझी आत्ताची जी आहे तिला मी दर आठवड्याला हायवेवर नेतो. साठ किलोमीटर. कुठे जायचं नसतं, जाऊन चहा पण पीत नाही, वळवून परत. इंजिन तापतं, सील ओले राहतात, ब्रेक धरत नाहीत, सगळं शास्त्रशुद्ध. मुलगी म्हणते, "बाबा, कुठेच जायचं नसताना साठ किलोमीटर, हे काम झालं का?" मी तिला टाकीतल्या जंतूंपासून सुरू करून अर्धा तास समजावलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे काम नाही, तब्येत." आता ती तुझ्यासारखीच आहे, नेमकं पकडते. पण तिला काय माहिती, तिने ते क्रेनवरचं दार बघितलेलं नाही. एक मारली म्हणून दुसरी जगवतोय असं असेल तर असू दे. आणि माझं वय झालंय, मला तेवढी सूट आहे. तुला नाही. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, तू गाडीची तब्येत सांभाळत बसायची नाहीस.

विकायचं ठरलं तर एवढंच कर, जास्त पैसे देणाऱ्याच्या आधी त्याला विचार की कशाला पाहिजे. जो "कलेक्शनला" म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठव. जो वाकून खाली बघेल, किलोमीटर विचारायच्या आधी ऑइल कधी बदललं ते विचारेल, त्याला दे, आणि काय काय बिघडलंय ते सगळं सांगून दे, लपवू नकोस, आणि गार इंजिनवर दाखव. ठेवायचं ठरलं तर मला काम सांग. आईला महिन्यातून दोनदा गावी आणणं-नेणं चालेल. तुझ्या त्या ट्रेकवाल्या ग्रुपचं सामान चालेल. "कधीतरी लागेल" चालणार नाही.

येत्या रविवारी सकाळी मी येतो. मी पोचेपर्यंत सेल्फ मारायचा नाही, आदल्या दिवशी पण नाही, मला ती पूर्ण गार पाहिजे. जुनी चादर काढून ठेव खाली झोपायला, टॉर्च मी आणतो. तुझ्यापर्यंत पंचावन्न किलोमीटर आहे, मी माझीच घेऊन निघतोय, आणि मुलीला तसं सांगितलंय पण.