पहिल्यांदाच घर सोडून भाड्याने राहायला जातोय, भाडं सोडून किती पैसे लागतील?

अरे नुसत्या भाड्याचा हिशोब करून निघू नकोस, पहिला महिनाच सगळ्यात जड जातो कारण डिपॉझिट, अॅडव्हान्स भाडं, एजंट असेल तर त्याचं कमिशन, कराराचा खर्च, सामान हलवायची गाडी हे सगळं एकदम द्यावं लागतं आणि तेही राहायला जायच्या आधी. मग बादली, झाडू, पडदे, बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, कुलूप, पहिला किराणा... घरी असताना हे कुणीतरी आणलेलं असतं हे लक्षातच येत नाही, माझा तर सगळा हिशोब इथेच चुकला होता.

डिपॉझिट परत मिळतं खरं, पण घर सोडेपर्यंत ते अडकलेलंच, त्यामुळे ते खर्च झालं असंच धर. आणि चावी मिळाल्या दिवशीच भिंती, नळ, दारं, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेव प्लीज, माझे जुन्या ओरखड्यांचे पैसे कापले गेले आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

गादी, शेगडी, चार भांडी आधी घे, फ्रिज सेकंडहँड चालतो, सोफा वगैरे नंतर बघ. वीज, पाणी, इंटरनेट, मेंटेनन्स भाड्यात धरलंय का वेगळं हे करारात लिहून घे. एवढं करून निदान २-३ महिन्यांचा खर्च बाजूला उरत असेल तर बिनधास्त जा.