वाचकांचे प्रश्न : जुन्या एमजीएची कुळकथा कशी शोधावी?

प्रश्न : आजोबांची एमजीए (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आता ती चालू करायचं मनावर घेतलं आहे. इंजिनामागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर 'एचडीए २३/२८' आणि पुढे तीन आकडे आहेत. गाडी लाल आहे, आरसी बुकात साल १९६१ आहे. एका ओळखीच्यांचं म्हणणं असं, की दारांना आणि बॉनेटला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ही फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीसाठी कारखान्यानं बनवलेली प्रायोगिक गाडी असणार. यात तथ्य आहे का? गाडीचा कारखान्यातला इतिहास कसा शोधायचा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : प्रायोगिक गाडी नाही, हे पट्टीच सांगते. 'एच' म्हणजे एमजीए १५००, 'डी' म्हणजे उघडी दोन आसनी, 'ए' म्हणजे काळा रंग. आकड्यांतला पहिला २ म्हणजे उजव्या हाताच्या स्टिअरिंगची निर्यातीची गाडी आणि पुढचा ३ म्हणजे सेल्युलोज रंग. (पहिल्या जागी ब्रिटनमधल्या बाजारासाठी १, डाव्या स्टिअरिंगला ३, उत्तर अमेरिकेसाठी ४, सुट्या भागांत पाठवलेल्यांना ५ किंवा ६.) एमजीए १५०० चे क्रमांक १०१०१ ते ६८८५०, त्यानंतरच्या १६०० चे १००३५१ पर्यंत आणि १६०० मार्क टू चे १०९०७० पर्यंत. तुमची गाडी पहिल्या गटात बसते. १५०० चं उत्पादन १९५९ मध्ये थांबलं, तेव्हा आरसी बुकातलं १९६१ हे फार तर इथल्या नोंदणीचं साल. ते कारखान्याचं साल म्हणून कुठेही लिहू नका.

लोहचुंबकाचं म्हणाल, तर बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा प्रत्येक एमजीएला ॲल्युमिनियमचाच होता. चुंबक मडगार्डला लावून बघा. तिथे पोलाद आहे, तिथे तो चिकटलाच पाहिजे. चिकटला नाही तर खाली पुटीचा जाड थर आहे, एवढंच समजा. ल माँच्या गाड्यांची सगळी बॉडी ॲल्युमिनियमची होती.

तरीही त्या गाड्यांची गोष्ट तुमच्या गाडीशी नात्यानं जोडलेली आहे. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात प्रायोगिक कामांना 'ईएक्स' क्रमांक देत. १९५१ च्या ल माँसाठी टीडी या एमजीच्या आधीच्या मॉडेलच्या सांगाड्यावर सपाट, वाऱ्याला कापणारी बॉडी चढवली, ती ईएक्स १७२. दोष लगेच दिसला : टीडीची चासी अरुंद, त्यामुळे ड्रायव्हर चासीच्या पट्ट्यांवर उंच बसायचा आणि त्याचं अर्धं धड वाऱ्यात. एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांनी मग चासीच्या बाजूच्या पट्ट्या बाहेर सरकवल्या आणि बैठक त्यांच्या मध्ये खाली नेली. ती ईएक्स १७५. १९५२ मध्ये बीएमसी या एमजीच्या मालक कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी तिला नकार दिला, कारण डोनाल्ड हिली यांची स्पोर्ट्स गाडी त्यांनी नुकतीच स्वीकारली होती. एमजीला टीएफ या टीडीच्याच सुधारित मॉडेलवर वेळ काढावा लागला आणि परवानगी मिळाली १९५४ मध्ये. जून १९५५ च्या ल माँला ईएक्स १८२ नावाच्या तीन गाड्या उतरल्या. त्यातली एक अपघातात गेली, उरलेल्या बाराव्या आणि सतराव्या आल्या. शर्यतीआधीच विक्रीची गाडी जाहीर करायचा बेत होता, पण बॉडीचे साचे वेळेवर आले नाहीत. म्हणून एमजीए लोकांसमोर आली ती सप्टेंबरमध्ये.

सीट काढून फळ्यांचं फ्लोअर उचललंत, की एनेव्हर यांचा तो निर्णय तुमच्या डोळ्यांसमोर असेल : दोन्ही पट्ट्या बाहेर आणि बैठकीची जागा त्यांच्या मध्ये. विकासाचा इतिहास असा गाडीतच वाचता येतो. तुमच्या एका विशिष्ट गाडीचा इतिहास मात्र उत्पादनाच्या नोंदवहीतच आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की मग अशा ल माँच्या कहाण्या तयार होतात.

नोंदवह्या इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. एमजीएसाठी ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात मूळ इंजिन नंबर, बांधणीची आणि पाठवणीची तारीख, कुठे पाठवली, रंग आणि जादा बसवलेल्या वस्तू येतात. अर्जाबरोबर मालकीचा पुरावा आणि पट्टीचा स्वच्छ फोटो जोडा. नंबर अर्जात टाइप करताना आरसीवरून उतरवू नका, पट्टीवरूनच उतरवा. आरसीत बरेचदा 'एचडीए' गळतं आणि नुसता आकडा उरतो.

सर्टिफिकेट येईपर्यंत डेंटिंग-पेंटिंगला हात लावू देऊ नका, हे आग्रहानं सांगतो. रंग एकदा खरवडला की पुरावा गेला. उघड्या १५०० ला डॅशबोर्डचा पत्रा बॉडीच्याच रंगाचा असे, म्हणून त्याची मागची बाजू पाहा. मग डिकीच्या बिजागऱ्यांची आतली बाजू पाहा. रुपयाच्या नाण्याएवढी जागा ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून हळूहळू घासा. कडेला रंगाचे थर ओळीनं दिसतात. लालच्या खाली काळा निघाला तर पट्टी आणि बॉडी एकमेकींना धरून आहेत. हे चासीवर करू नका, कारण चासी सगळ्याच गाड्यांची काळी होती, तिथला काळा काहीच सिद्ध करत नाही. पुढचे ब्रेकही बघा. १५०० ला ड्रम असतात. डिस्क दिसली तर पुढचा भाग १६०० वरून आला आहे.

प्रश्न : नंबरच्या पट्टीवर रंग आणि तेलाचा थर आहे. वायर ब्रश चालेल का? नवी पट्टी कोरून घ्यावी का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : वायर ब्रश नको, पॉलिश पेपर नको, थिनरही नको. थिनरनं वरच्या रंगाबरोबर पट्टीचा मूळ रंगही निघतो. रॉकेलमध्ये कापूस भिजवून थर फुगू द्या, मग साबणाच्या पाण्यानं पुसा. अक्षरं तरीही लागत नसतील तर अंधारात टॉर्च अगदी आडवी धरून फोटो घ्या. सावलीत खाचा उठून दिसतात. त्यावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल फिरवली की कागदावर नंबर उमटतो. हाच उपाय इंजिनाच्या पट्टीलाही करा. ती ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डायनॅमोच्या वर असते.

नवी पट्टी कोरून लावू नका. जुनी झिजलेली पट्टी आणि तिचे जुने रिव्हेट हाच पुरावा आहे.

प्रश्न : आमच्या एमजीएत ॲम्बेसेडरचं इंजिन आहे असं मेकॅनिक म्हणतो. कसं ओळखायचं? आणि व्हिंटेज नोंदणीला त्यानं अडचण येईल का?
— एक वाचक, औंध

उत्तर : शक्यता मोठी आहे. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीए १५०० चं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीजची. म्हणून आपल्याकडे मूळ इंजिन गेलं की हेच बसवणं सोपं पडायचं. नंबरच्या सुरुवातीला १५ जीबी किंवा १५ जीडी असेल तर ते एमजीएचं (सगळ्यात आधीच्या गाड्यांना बीपी १५ जीबी). १६ जीए असेल तर १६०० चं, १६ जीसी असेल तर मार्क टू चं. पुढचं 'यू' म्हणजे मधोमध फ्लोअरवरचा गिअर आणि 'एच' म्हणजे हाय कॉम्प्रेशन. कार्बोरेटरवरून निवाडा करू नका. एमजीएला दीड इंची एसयूची जोडी असते, पण ती कुठल्याही बी-सिरीज इंजिनावर चढवता येते. मूळ ब्लॉक घरी किंवा जुन्या गॅरेजात पडलेला असेल तर तडा गेलेला असला तरी भंगारात देऊ नका. सर्टिफिकेटवरचा नंबर त्याच्याशी जुळला तर तो दुरुस्त करून घेण्याजोगा ठरतो.

नोंदणीचं असं आहे : २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर पडली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. इंजिनाची अडचण नेमकी इथेच येते, म्हणून अर्जाआधी ती सोडवा. तपासणीत नंबर जुळत नसताना नवा नंबर ब्लॉकवर ठोकणं हा गुन्हा आहे, कुणी सुचवलं तरी करू नका. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदली तर नंबरात 'व्हीए' येतं. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाताना फॉर्म २०, विमा, जुनं आरसी बुक आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टमचा आयातीचा कागद) घ्या. हेरिटेज सर्टिफिकेट यापैकी कशाचीही जागा घेत नाही, पण गाडी मूळ स्वरूपात आहे हे दाखवताना त्याची प्रत सोबत जोडा.