प्रथिन पाझरतं, स्रवतं की ओवलं जातं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं त्यांच्याकडे अकरावीला येतात. जिवाणू आपल्या पेशीत तयार केलेली प्रथिनं पेशीपटलापलीकडे पाठवतात, हा भाग त्या मराठीतून समजावून देतात. पुस्तकात एके ठिकाणी ‘सिक्रिशन’ आहे, दुसरीकडे ‘ट्रान्सलोकेशन’. वर्गात त्या बोलता बोलता ‘प्रथिन पटलातून पाझरतं’ असं म्हणाल्या आणि एका मुलाने लगेच विचारलं, “मग बाई, पटलाला भोकं असतात का?” आता ‘स्राव’, ‘उत्सर्जन’ आणि ‘स्थानांतरण’ यांपैकी काय बरोबर, आणि बोलताना क्रियापद कुठलं वापरावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मुलाची शंका अगदी रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पाझर म्हणजे काय हे कोकणातल्या पोरांना सांगावं लागत नाही. जांभ्यात खणलेल्या विहिरीच्या कडेला हात लावला की दगड ओला लागतो, पावसाळ्यात तर घळीघळींतून पाणी येतं. जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी आपल्या वजनाने वाट काढतं. पाझरायला कुणी काही करावं लागत नाही, हा त्या शब्दाचा जीव आहे. पेशीपटल याच्या नेमकं उलट असतं. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं, जाडी जेमतेम ५ ते ७ नॅनोमीटर, पण प्रथिनासारखा मोठा रेणू त्यातून आपोआप पार होत नाही. होऊ लागला तर जिवाणू मरेल, कारण आत काय ठेवायचं आणि बाहेर काय, यावरच पेशीचं जगणं चालतं. तेव्हा ‘पाझरणे’ आणि त्याचं भावंड ‘झिरपणे’, दोन्ही बाद.

‘उत्सर्जन’ही नको. तो शब्द मुलांनी घाम, मूत्र यांच्या धड्यात शिकलेला असतो आणि हल्ली कार्बनच्या बातमीत ऐकलेला असतो. त्यात टाकाऊपणाचा वास आहे. जिवाणू जे प्रथिन बाहेर पाठवतो ते त्याने खर्च करून, कामासाठी घडवलेलं असतं. ‘स्थानांतरण’ चुकीचं नाही, पण त्यात चित्र नाही. कपाट या खोलीतून त्या खोलीत नेलं तरी ते स्थानांतरणच. मधे ओलांडायला काहीतरी अवघड आहे, हे त्यातून कळत नाही.

‘स्राव’ मात्र टाकून देऊ नये. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून स्रवणे, स्राव. लाळ स्रवते, जखमेतून स्राव येतो. ग्रंथींच्या संदर्भात हा शब्द पक्का बसला आहे आणि ‘सिक्रिशन’ला नाम म्हणून तोच राहू दे. अडचण क्रियापदाची आहे. ‘प्रथिन स्रवतं’ म्हटलं की डोळ्यांपुढे ओल येते, थेंब येतो. एकेक रेणू एकेका दारातून काढला जातो, ही गोष्ट त्या ओलीत बुडून जाते.

माझ्या मते इथे आपलं क्रियापद आहे ‘ओवणे’. ते मी केवळ छान वाटतं म्हणून सुचवत नाही. घडतं तेच ते आहे.

लहानपणी संध्याकाळी आजीची हाक यायची, “माका जरा दोरो ओवून दी.” तिला दिवेलागणीला सुईचं नेढं दिसत नसे. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, चिमटीत पिळून ताठ करायचं आणि नेढ्यात घालायचं. टोक एकदा पलीकडे गेलं की बाकीचा दोरा सरसर येतो. मधे गाठ असली तर मात्र तिथेच अडतो, मग कितीही ओढा.

आता जिवाणूच्या आतल्या पटलाकडे बघा. तिथे ‘सेक’ नावाची यंत्रणा असते. नावातला सेक हा सिक्रिशनचाच. पटलात बसवलेल्या प्रथिनांची एक नळी असते. ‘सेक-वाय’ या तिच्या मुख्य भागाची रचना २००४ साली टॉम रॅपोपोर्ट यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. नळी वाळूच्या घड्याळासारखी असते, आपल्याकडे ‘डमरूसारखी’ म्हटलं की पुरतं. मधे ती अगदी अरुंद असते आणि काही जात नसेल तेव्हा प्रथिनाच्याच एका छोट्या तुकड्याचं बूच तिथे बसलेलं असतं. या भागाला ‘छिद्र’ म्हणण्यापेक्षा ‘नेढं’ म्हणावं असं मला वाटतं. छिद्र कशालाही पडतं, नेढं मुद्दाम ओवण्यासाठी केलेलं असतं. त्या मुलाला हेच उत्तर द्यावं : भोकं नसतात, नेढी असतात, आणि रिकामी असताना ती बंद असतात.

दोऱ्याचं ताठ केलेलं टोकही तिथे आहे. बाहेर जायच्या प्रथिनाच्या सुरुवातीला साधारण २० ते ३० अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांचा, एक खास तुकडा असतो. त्याला ‘संकेत-टोक’ म्हणू. प्रथिनांवर असा पत्ता लिहिलेला असतो ही कल्पना मांडून ती सिद्ध केल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. त्यांचं काम प्राण्यांच्या पेशींवर होतं, पण पटलातलं नेढं तिथेही याच घराण्यातलं निघालं. टोक नेढ्यात शिरलं की आतल्या बाजूचं ‘सेक-ए’ नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून मागून रेटा देत राहतं आणि साखळी सरकते. पलीकडे पोचल्यावर संकेत-टोक कापलं जातं. चुरगळलेलं टोक आपणही कात्रीने उडवतो.

आणि गाठ? साखळी उलगडलेली, सरळ असेल तरच ती नेढ्यातून जाते. ई. कोलाय या जिवाणूत एक प्रयोग झाला. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या मागे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे मोठं, पेशीच्या आतच पटकन वळून बसणारं प्रथिन जोडून दिलं. पुढचा भाग नेढ्यात शिरला, मागचा अडकला. नेढी तुंबली आणि अशी प्रथिनं भरपूर बनवायला लावल्यावर जिवाणू मेले. दोऱ्याची गाठ ज्याने एकदा ओढून पाहिली आहे, त्याला याचं स्पष्टीकरण लागत नाही.

थोडं शब्दाबद्दल. ‘ओतप्रोत’ मधले ओत आणि प्रोत हे दोन्ही ‘वे’ म्हणजे विणणे या धातूपासून आले, एक ‘आ’ लागून आणि दुसरा ‘प्र’ लागून. ओवणे त्याच गोतातलं मानतात, आणि ओवी या छंदाचं नावही ओवण्याशी जोडतात. एकामागून एक मणी, एकामागून एक अमिनो आम्ल. प्रथिन ही साखळी आहे हे ज्या भाषेत सहज सांगता येतं, त्या भाषेने इथे परका शब्द कशाला आणावा?

सगळी प्रथिनं मात्र ओवली जात नाहीत, आणि या शब्दचर्चेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथे येतो. काही प्रथिनं आतच पूर्ण तयार होतात. त्यांच्या पोटात धातूचा अणू किंवा दुसरा एखादा घटक आतल्या आत बसवावा लागतो, आणि तो बसला की प्रथिन पुन्हा उलगडता येत नाही. त्यांच्यासाठी ‘टॅट’ नावाची वेगळी यंत्रणा असते. तिच्या संकेत-टोकात आर्जिनिन या अमिनो आम्लाची जोडी लागोपाठ येते, त्या जोडीवरून (इंग्रजीत ‘ट्विन-आर्जिनिन ट्रान्सलोकेशन’) तिचं नाव पडलं. ती एटीपी वापरत नाही. पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचं प्रमाण वेगळं असतं, त्या फरकावर ती चालते. आणि ती प्रथिन जसंच्या तसं पलीकडे नेते.

याला ओवणे म्हणता येणार नाही. इथे ‘तर’, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आठवते. खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा माणसं तरीत बसून पलीकडे जात. दाभोळहून धोपाव्याला आजही वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट चालते आणि गाडी तिच्यावर सरळ चढवतात. चाकं काढत नाहीत, दारं सुटी करत नाहीत. टॅट हेच करते. ‘तॄ’ म्हणजे पार जाणे, त्यावरून तर, तारू, तीर, तीर्थ, उतारू. ‘उत्तीर्ण’ म्हणजे मुळात पलीकडे पोचलेला. तेव्हा सेकने प्रथिन ओवलं जातं आणि टॅटने ते पार उतरवलं जातं. इंग्रजी पुस्तक दोन्हींना ‘ट्रान्सलोकेशन’ म्हणतं. मराठीत आपण पहिल्याच वाक्यात फरक दाखवू शकतो, तर तो दाखवावा.

हा फरक डोळ्यांनीही दिसतो. जेलीफिशमधून मिळालेलं, हिरवं चमकणारं एक प्रसिद्ध प्रथिन आहे. ते सेकमधून बाहेर पाठवलं तर पटलापलीकडे चमकत नाही, टॅटमधून पाठवलं तर चमकतं. उलगडून ओवलेल्या प्रथिनाची घडी पलीकडे गेल्यावर नीट बसत नाही. टॅटने नेलेल्याची आतच बसलेली असते.

‘घडी’ हा शब्द मी इथे जाणूनबुजून वापरला. ‘प्रोटीन फोल्डिंग’ला कुणी ‘दुमडणे’ म्हणतात, पण दुमडण्यात नुसता कागद दुमडतो. घडी बसते म्हणजे वस्तू आपल्या जागी, आपल्या रूपात येते. संसाराची घडी बसते, ती विस्कटतेही. अमिनो आम्लांची साखळी ठरावीक आकारात आल्यावरच प्रथिन कामाचं होतं, हे ‘घडी बसणे’ या दोन शब्दांत आलं.

आता दोन्ही क्रियापदं एकाच प्रवासात कशी लागतात ते पाहा. पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, हा मुळात मचूळ पाण्यातला, खाडीच्या मुखाशी रमणारा. ई. कोलायप्रमाणेच त्याला दोन पटलं असतात आणि मधे अरुंद जागा असते. त्या जागेला मराठीत काय म्हणावं हे बाईंनी विचारलेलं नाही, पण मी ‘पडवी’ म्हणेन. घरातही नाही, खळ्यातही नाही, अशी ती जागा आहे. पटकीच्या विषाचे भाग माजघरात तयार होतात, आतल्या पटलातून उलगडलेले ओवले जातात, पडवीत येतात. तिथे त्यांची घडी बसते, सहा भाग जुळतात. मग बाहेरच्या पटलातली एक वेगळी यंत्रणा ते जुळलेलं विष अख्खं बाहेर सोडते. जिवाणू काढून टाकलेल्या नुसत्या द्रवातही हे विष असतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. ‘स्राव’ हे नाम इथे पूर्ण शोभतं, कारण आता खरोखरच द्रवात काहीतरी उतरलेलं आहे.

याच बाहेरच्या दारातून हा जिवाणू कायटिन पचवणारं विकरही सोडतो. कायटिन म्हणजे कोळंबीच्या सालीत असतं ते. खाडीत पडलेल्या सालींवर आणि पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांवर त्याचं पोट चालतं. सोडे करताना निघालेली सालं खाडीच्या कडेला टाकलेली असतात, तिथून जाताना मला हे आठवतं. माणसाला जुलाबाने लोळवणारं विष आणि साल कुरतडणारं हे विकर, दोन्ही एकाच वाटेचे वाटसरू आहेत.

या शेवटच्या टप्प्याला क्रियापद साधं ‘सोडणे’. साप विष सोडतो, कोळी धागा सोडतो, माकूल काळी शाई सोडतं. स्वतःच्या अंगात बनवलेलं, कामाचं, हेतूने बाहेर दिलेलं, इतकं सगळं त्या एका शब्दात आहे. साल्मोनेलासारखे काही जिवाणू तर पोकळ सुईसारखी यंत्रणा उभारून प्रथिन थेट माणसाच्या पेशींत घालतात. त्याला ‘टोचणे’ म्हणावं. सुईच्या पोकळीतून जातानाही साखळी उलगडलेलीच असते, म्हणजे आत पुन्हा ओवणं आलंच.

बाई, फळ्यावर लिहायला ही वाक्यं देतो. ‘सेक यंत्रणा प्रथिनाची उलगडलेली साखळी आतल्या पटलाच्या नेढ्यातून ओवते. टॅट यंत्रणा घडी बसलेलं प्रथिन पटलापार उतरवते. पडवीत आलेलं काही प्रथिन जिवाणू बाहेर सोडतो, त्याला स्राव म्हणतात.’ परीक्षेसाठी एकच नाम हवं असेल तर ‘पटलपार वहन’ लिहून द्या, ‘स्थानांतरण’ नको. आणि वर्गात जाताना सुई-दोरा बरोबर न्या, दोऱ्याला मधे एक गाठ मारून ठेवा. ज्याने भोकांचं विचारलं, त्यालाच ओवायला द्या.